उशाशी

सकाळी पावणेसहाला आमच्या हॉस्पिटलच्या ओटीत मी आणि मशीन, बाकी कुणी नसतं. मशीन चालू करायचं, लीक टेस्ट लावायची, मागचा जादा ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे ना ते स्वतः उघडून बघायचं, सक्शनची नळी अंगठ्यावर धरून ओढतीये का बघायचं, लॅरिंगोस्कोपचा लाईट, श्वासनलिकेत टाकायच्या दोन साईजच्या ट्यूब, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी. मग औषधं भरायची आणि प्रत्येक सिरिंजवर लेबल, झोपवायच्या औषधाचं पिवळं, जोरदार वेदना मारणाऱ्या ओपिऑइडचं निळं, स्नायू सैल करणाऱ्या मसल रिलॅक्संटचं लाल, बीपी वर आणायच्या औषधाचं जांभळं. हे सगळं रोज त्याच क्रमाने. आजीची पूजा असायची तशी, आधी घंटा मग शंख मग देव, आणि मधे कुणी बोललं की ती पहिल्यापासून सुरू करायची. मी पण तेच करते. मधे कुणी हाक मारली तर परत पहिल्यापासून.

मी नर्स आहे आणि मी भूल देते. अमेरिकेत याला सीआरएनए म्हणतात, सर्टिफाईड रजिस्टर्ड नर्स अनेस्थेटिस्ट. आयोवामधलं एक छोटं गाव, सगळीकडे मका आणि सोयाबीन, आणि त्यात हे 25 बेडचं हॉस्पिटल. इथं भूल देणारे डॉक्टर नाहीत. टेबलाच्या एका बाजूला सर्जन असतो आणि पेशंटच्या उशाशी मी. अमेरिकेच्या खेड्यांमध्ये अशी बरीच हॉस्पिटलं आहेत.

सुट्टीत मिरजेला आले की कुणी ना कुणी विचारतंच, म्हणजे तू आता डॉक्टर झालीस? नाही, नर्सच. मग भूल कशी देतेस? हा प्रश्न इतक्या वेळा आलाय, आणि आता तर नर्सिंगच्या मुली फोनवरून विचारतात की ताई हे कसं करायचं, म्हणून एकदा सविस्तर लिहायला बसले.

सुरुवात कुठून झाली विचाराल तर मी कॉलेजपासून नाही सांगणार, सितारमेकर गल्लीपासून सांगेन. आमचं किराणा दुकान तिथून दोन गल्ल्या पुढं. मिरज तसं दवाखान्यांचं गाव, डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून लोक पेशंट घेऊन मिरजेला येतात, आणि दुसरीकडे हे तंतुवाद्यांचं गाव, इथले तंबोरे देशभरातले गवई घेऊन जातात. शाळा सुटली की मी एका दुकानाच्या पायरीवर बसायचे. आत एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढायचे. घोडीवर तार जिथं टेकते तो भाग कानसने अगदी केसाएवढा घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं. परत घासायचं. मला सगळे आवाज सारखेच वाटायचे. एकदा मी विचारलं, चाचा तुम्हाला कसं कळतं कधी थांबायचं? ते म्हणाले, "बाळ, सूर बिघडला हे कळायला तो आधी बसलेला असताना खूप ऐकावा लागतो."

तेव्हा काही कळलं नाही. पण पायरीवर बसून बसून कान तयार झाला असावा, कारण पुढं हाच कान माझ्या कामाला आला.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर पहिली नोकरी एका नर्सिंग होममध्ये, चौदा खाटा आणि एक ओटी. नाव सांगत नाही. भूल द्यायला बाहेरून डॉक्टर यायचे, स्कूटरवर, पुढं पायात काळी बॅग. दिवसाला तीन-चार दवाखाने करायचे बिचारे. तिथं ना कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साईड दाखवणारं यंत्र, ना चांगला मॉनिटर, भुलीचं जुनं बॉईल मशीन, एक पल्स ऑक्सिमीटर आणि तोही बोट हललं की आकडा घालवणारा. पहिल्याच आठवड्यात एका बाईचं क्युरेटिंग होतं आणि डॉक्टर ड्रिपमध्ये काहीतरी भरत होते, मला म्हणाले, "सिस्टर, हनुवटी धरा. वर उचला. अशी. आता तुमची करंगळी जबड्याच्या कोपऱ्यात पाहिजे." मी धरली. घशातली घरघर एकदम थांबली आणि माझ्या तळहाताला गरम वाफ लागली. ते म्हणाले, "हा श्वास. तळहाताला लागतोय तोपर्यंत काळजी नाही, लागायचा थांबला तर मला मोठ्याने सांगायचं, लाजायचं नाही."

सात-आठ मिनिटं मी ती हनुवटी धरून उभी होते, बोटं भरून आली, तरी सोडली नाही. ती बाई माझ्याच वयाची असेल. तिला काहीच माहीत नाही, तिचा श्वास माझ्या हातात आहे हे तिला आयुष्यात कधी कळणार नाही. मी त्या रात्री होस्टेलवर आईला फोन करून सांगायचा प्रयत्न केला पण काय सांगायचं तेच सापडेना, एवढंच म्हणाले की आज एका पेशंटची हनुवटी धरली.

भूल द्यायचं शिकायचं हे तेव्हाच मनात बसलं. पण आपल्याकडे नर्ससाठी तो रस्ताच नाही. भारतात भूल देणं हे डॉक्टरचं काम, एमबीबीएस आणि त्यावर एमडी किंवा डिप्लोमा. नर्स मदत करते, औषध काढून देते, हनुवटी धरते. मला याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण नियम आहे तो आहे. मी पोस्ट बेसिक बीएससी केलं, मुंबईत आयसीयूत काम केलं, व्हेंटिलेटर शिकले, एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेतली नर्सच्या परवान्याची परीक्षा दिली, इंग्रजीची परीक्षा दिली, आणि बऱ्याच वर्षांच्या वाट बघण्यानंतर 2012 ला अमेरिकेत आयसीयू नर्स म्हणून आले. त्या कागदपत्रांबद्दल लिहीत नाही, तो भाग रुक्ष आहे आणि प्रत्येकीचा वेगळा असतो.

इथं एका रात्री माझ्या पेशंटचा श्वास ढासळला, ट्यूब टाकायची वेळ आली. खालून एक बाई धावत आल्या, निळी टोपी, पन्नाशीच्या. पेशंटच्या डोक्यामागं उभ्या राहिल्या, त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या, आणि मग अर्ध्या मिनिटात ट्यूब आत. मी त्यांना डॉक्टर म्हणाले तर त्या म्हणाल्या मी नर्स आहे, तुझ्यासारखीच, आधी आयसीयूतच होते. मी हातातला चार्ट तसाच धरून उभी. इतकी वर्षं ज्या दाराला कुलूप आहे असं समजून मी चालले होते ते इथं नुसतं लोटलेलं होतं.

मग मी वाचायला लागले आणि जे सापडलं ते प्रत्येक नर्सला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. 16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये मॉर्टनने ईथर देऊन ऑपरेशन करून दाखवलं हे सगळे शिकतात. पण त्यानंतर कितीतरी वर्षं भूल द्यायला कुणी वालीच नव्हता. शिकाऊ डॉक्टर द्यायचा, आणि त्याचं लक्ष सर्जनच्या हाताकडे, कारण त्याला सर्जन व्हायचं असायचं. पेशंट गुदमरायचे, दगावायचे. मग सर्जन लोकांनी असं माणूस शोधायला सुरुवात केली ज्याला भूल देणं हेच मुख्य काम वाटेल, आणि ती माणसं निघाली नर्सेस. मिनेसोटात रोचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये मेयो बंधू या सर्जन भावांकडे आधी एडिथ ग्रॅहम नावाची नर्स भूल द्यायची, तिचं पुढं चार्ल्स मेयोशीच लग्न झालं, आणि तिच्यानंतर 1893 च्या सुमारास आली अॅलिस मॅगॉ.

ही अॅलिस मॅगॉ माझं दैवत आहे. तिची पद्धत ओपन ड्रॉप. तारेच्या जाळीवर गॉज ताणून तो मास्क नाकातोंडावर ठेवायचा आणि त्यावर ईथर थेंब थेंब सोडायचं, महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्रातून पाणी पडतं ना, तसं. ओतायचं नाही. आणि थेंब पडत असताना ती पेशंटशी बोलत राहायची, हळू आवाजात, आता श्वास घ्या, आता हात जड होतील, आणि अशा बोलण्यामुळे ईथर कमी लागतं हे तिने लिहून ठेवलं. 1906 मध्ये तिने 14,000 हून जास्त भुलींचा आढावा छापला, त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. 1906 मध्ये! मॉनिटर नाही, बोटाला क्लिप नाही, व्हेंटिलेटर नाही. होतं काय तर तिचे डोळे, कान आणि तळहात. मी इथून गाडी चालवत एकदा रोचेस्टरला गेले, मुद्दाम सेंट मेरीज बघायला. इमारत आता केवढीतरी मोठी झालीये, तिच्या वेळचं काय उरलंय मला ओळखता आलं नाही, पण मी तिथं बराच वेळ उभी राहिले.

सोपं काही नव्हतं त्या बायकांनाही. डॉक्टरांनी कोर्टात खेचलं, नर्स भूल देते म्हणजे परवान्याशिवाय डॉक्टरकी करते म्हणून. कॅलिफोर्नियात डॅगमार नेल्सन या नर्सवरचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1936 ला निकाल तिच्या बाजूने लागला. त्याआधी 1931 मध्ये अगाथा हॉजिन्सने नर्स अनेस्थेटिस्टची राष्ट्रीय संघटना काढली होती. सीआरएनए हे नाव 1956 पासूनचं. आणि माझ्या आयोवाबद्दल सांगायचं तर, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या पेशंटला नर्सने भूल देताना डॉक्टरची देखरेख हवी या अटीतून राज्याला बाहेर पडता येतं, आणि 2001 मध्ये असं बाहेर पडणारं पहिलं राज्य आयोवा. इथल्या खेड्यात त्याशिवाय चाललंच नसतं. मका काढणीच्या दिवसात शेतात हात मशीनमध्ये गेलेला माणूस येतो, त्याला मोठ्या शहरात पोचायला दीड तास लागणार, बर्फ असेल तर विचारूच नका.

ट्रेनिंगचं थोडक्यात सांगते. बीएससी नर्सिंग हवं, अमेरिकन आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स हवं, किमान एक वर्ष क्रिटिकल केअर हवं पण प्रत्यक्षात दोन-चार वर्षं असलेल्यांनाच जागा मिळते. 2022 पासून नवीन येणाऱ्या सगळ्यांना डॉक्टरेटच करावी लागते, तीन वर्षं, फुल टाईम, त्यात नोकरी करणं जवळजवळ अशक्य. मी 2018 ला शिरले तेव्हा आमच्या प्रोग्रामने ते आधीच लागू केलं होतं. किमान 600 केसेस आणि 2000 तास क्लिनिकल. नवऱ्याच्या एका पगारावर घर, मुलगी सात वर्षांची. अभ्यासाचं मला भय नव्हतं, भय वाटायचं ते पहाटे साडेचारला मुलगी झोपेत असताना घरातून निघायचं आणि ती झोपल्यावर परत यायचं याचं. तीन वर्षांतलं तिचं बालपण मी फोटोत पाहिलंय, ते परत मिळणार नाही, आणि हे मी फोन करणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते कारण हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

पहिल्या वर्षातला एक दिवस आहे तो अजून तसाच्या तसा आठवतो. चाळीस वर्षांचा माणूस, हर्निया. भूल देण्याआधी पेशंटला मास्कने तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात, कारण साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्केच, श्वास थांबला की निरोगी माणसाचंही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण मिनिटाभरात पडायला लागतं, पण फुप्फुसं आधी ऑक्सिजनने भरून ठेवली तर सात-आठ मिनिटं हाताशी राहतात. ती तीन मिनिटं मी दिली. मग प्रोपोफॉल, ते झोपवायचं पांढरं औषध, मग रिलॅक्संट, मग मी ट्यूब टाकली आणि मला खात्री होती की बरोबर गेली. फुगा दाबला. स्क्रीनवर कार्बन डायऑक्साईडची चौकोनी लाट यायला हवी, ती आली नाही. एक छोटा उंचवटा, अजून छोटा, आणि मग सपाट रेष. ट्यूब अन्ननलिकेत. आणि मी उभी, कारण मन म्हणत होतं की मी पाहिलंय, बरोबर गेलीये, मॉनिटरच चुकतोय.

तेवढ्यात तो आवाज बदलला. पल्स ऑक्सिमीटर आकडा तर दाखवतोच पण तो वाजतो पण, प्रत्येक ठोक्याला टिक, आणि सॅच्युरेशन खाली आलं की त्या टिकची पट्टी उतरते. हे यंत्र ज्या कल्पनेवर चालतं ती जपानच्या ताकुओ आओयागींची, 1974 ची. ती पट्टी किंचित उतरली, शंभरावरून अठ्ठ्याण्णव असेल. आणि मला मिरजेची पायरी आठवली म्हणणार नाही, तेवढा वेळच नव्हता, पण कानाला ते आधी कळलं आणि हात हलला. माझ्या शिक्षिका मागून एवढंच म्हणाल्या, काढ. मी काढली, मास्क लावला, फुगा दाबला, छाती वर आली, पट्टी परत चढली. दुसऱ्या वेळी ट्यूब बरोबर गेली, स्वरतंतू दिसले, पांढरे, उलट्या व्ही सारखे. त्या माणसाला काही झालं नाही. ती तीन मिनिटं होती म्हणून झालं नाही.

बाबांच्या दुकानाच्या बिलावर खाली छापलेलं असायचं, चू. भू. द्या. घ्या. बिलात चूक झाली तर गिऱ्हाईक उद्या परत येतं. माझ्या धंद्यात चूक लगेच मान्य करावी लागते, त्याच सेकंदाला, सगळ्यांसमोर, आणि ट्यूब बाहेर काढावी लागते. हुशारीपेक्षा हे शिकायला जास्त अवघड गेलं.

दुसऱ्या वर्षी कोविड आला. आमचं क्लिनिकल बंद झालं आणि आम्ही बऱ्याच जणी परत आयसीयूत नर्स म्हणून उभ्या राहिलो. तिथं पाहिलेलं अजून लिहिता येत नाही. एवढंच, की पेशंटच्या कानाशी बोलायची सवय मला तेव्हा लागली, कारण त्यांच्या घरचं कुणी आत येऊ शकत नव्हतं.

आता रोज तेच करते. भूल द्यायला मिनिट लागतं. खरं काम त्याच्या पुढंमागं आहे. आधी, मास्क लावलेला असताना, मी पेशंटला विचारते की तुमच्या शेतात आत्ता काय आहे, नातवंडं किती, आणि सांगते की औषध जाताना हाताला जरा झोंबेल, मी इथंच आहे, मी कुठंही जाणार नाही. पुष्कळ लोकांना मरणाची भीती तेवढी नसते, तर मधेच जाग येईल आणि कुणी लक्ष देणार नाही याची असते. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तर नक्कीच. मग डोळे मिटतात, आणि पुढचे दोन-तीन तास मी तिथंच. बीपी, लाट, तापमान, रक्त किती गेलं, लघवी किती, आणि तो आवाज. सर्जनच्या रेडिओवर कंट्री म्युझिक चालू असतं आणि त्याखालून मी टिक ऐकत असते. शेवटी औषधं बंद करायची, रिलॅक्संट उतरवायचं, श्वास स्वतःचा येतोय का बघायचं, आणि नाव घेऊन हाक मारायची. डोळे उघडल्यावर जवळजवळ प्रत्येक जण तेच विचारतो, झालं पण?

आपल्याकडच्या मुली विचारतात की भारतात हे कधी येईल. मला राजकारण कळत नाही. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा एमएससी कोर्स आपल्याकडे आलाय, चांगली गोष्ट आहे. भूल डॉक्टरनीच द्यावी हा नियम ठेवायचा तर ठेवा. पण तालुक्याच्या दवाखान्यात जी सिस्टर आज हनुवटी धरून उभी आहे तिला नीट शिकवा, करंगळी कुठं ठेवायची, लाट सपाट झाली म्हणजे काय, मोठ्याने कधी ओरडायचं. ती तिथं आहेच. तिला कुणी शिकवलंय की नाही यावर कुणाची तरी आई घरी जाणार का ठरतं. मला शिकवणारे स्कूटरवरचे डॉक्टर भेटले, हे माझं नशीब, सगळ्यांचं कसं असेल.

गेल्या वर्षी बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, मिरजेतच. वय चौऱ्याहत्तर, शुगर. मी रजा काढून गेले. भूल देणाऱ्या डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी बाबांना तोंड उघडायला लावलं, मान मागं करायला लावली, जिने चढताना दम लागतो का विचारलं, सगळं व्यवस्थित. मी काय करते हे आईने त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. मला खूप विचारायचं होतं, कुठलं औषध, किती डोस, पण मी एवढंच विचारलं की तुम्ही शेवटपर्यंत आत असाल ना? त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "काकांना उठवूनच बाहेर येते, ताई."

मग दार बंद झालं आणि मी बाकावर. इतकी वर्षं मी दाराच्या त्या बाजूला असते, बाहेरचा बाक कसा असतो हे मी विसरले होते. बाबांची कवळी आईच्या रुमालात, आणि तो रुमाल तिने दोन्ही हातात धरलेला. मी घड्याळ बघत होते, आता मास्क, आता तीन मिनिटं, आता प्रोपोफॉल, आता ट्यूब. लाट आली असेल का. माझे हात मांडीवर रिकामे पडले होते आणि त्यांचं काय करावं मला कळत नव्हतं.

अर्ध्यापाऊण तासाने वॉर्डबॉय निर्जंतुक कपड्यांचा ड्रम घेऊन आत गेला. दार उघडलं आणि मिटेपर्यंत दोन सेकंद गेले असतील, त्यात आतून ऐकू आलं. टिक. टिक. टिक. वरच्या पट्टीत, सलग, एकासारखी एक.

आई म्हणाली, काय गं, काय झालं?

मी म्हणाले, काही नाही. व्यवस्थित आहेत.